पडझड वही: जड अ‍ॅडव्हेंचर बाईक कच्च्यावर शिकताना

२ सप्टेंबर

बाईक घेऊन दीड वर्ष झालं, ११ हजार किलोमीटर झाले, सगळे डांबरावर. परवा पहिल्यांदा जेमतेम दोनशे मीटर मुरुमाच्या रस्त्यावर घातली आणि पडलो. पडलो म्हणजे चालत्या गाडीवरून नाही, तसं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. गाडी थांबलेली, इंजिन बंद, फोटो काढायचा म्हणून पाय टेकवायला गेलो आणि जिथे पाय टेकायचा तिथे जमीन चार बोटं खाली होती. बस, चार बोटं. त्यानंतरचा अर्धा सेकंद मला अजून आठवतोय, गाडी हळूच कलली, मी जीव खाऊन धरायला बघितलं, मग कळलं की हे आता होणार नाही आणि बाजूला झालो.

गाडी होंडाची आफ्रिका ट्विन, ११०० सीसीवाली, साधी क्लचवाली. १८.८ लिटरची टाकी भरून वजन २२६ किलो, वर मी हौसेने लावलेले गार्ड आणि रॅक वेगळे. सीट ८५० मिमीवर लावलीये (८७० वर पण लावता येते, पण ती माझ्या नशिबात नाही), दोन्ही पाय टेकवले तर फक्त चवडे टेकतात.

तर आता नीट शिकायचं ठरवलंय. क्लास वगैरे नाही, एक मित्र आहे, बरीच वर्षं २५० सीसीची हलकी बाईक मातीत चालवतोय, तो शनिवार-रविवार वेळ देईन म्हणाला. त्याची एकच अट, प्रत्येक वेळी पडल्यावर लिहून ठेवायचं, कुठे पडलास, किती स्पीडला, पडायच्या आधी काय करत होतास. म्हणून ही वही.

पडझड: १ (परवाची). एकूण १.

८ सप्टेंबर

आज इंजिन चालूच केलं नाही. मित्र म्हणाला आधी उचलायला शिक, जो माणूस उचलायला घाबरतो तो पडायला घाबरतो आणि जो पडायला घाबरतो तो हँडल आवळून धरतो. गवतावर गाडी मुद्दाम आडवी केली. स्वतःच्या गाडीला स्वतःच्या हाताने आडवं करताना पोटात कसं होतं ते सांगून कळणार नाही.

पद्धत अशी. आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), मग चावी बंद, पेट्रोल गळत असेल तर ते बघायचं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलताना जोर जास्त झाला की ती पलीकडे जाऊन पडते. डाव्या अंगावर पडली तर स्टँड खाली दबलेला असतो, तिथे मात्र जपून, उभी झाली की पोटाने-मांडीने अडवून मग पायाने स्टँड काढायचा. गिअरमध्ये ठेवायची म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटच्या कडेला टेकवायचं, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून एका हाताने त्याची खालची मूठ धरायची, दुसऱ्या हाताने मागचा रॅक किंवा फ्रेम, हात सरळ, पाठ सरळ, आणि पायांनी ढकलत छोट्या छोट्या पावलांनी मागे मागे जायचं. हाताने उचलायचीच नाही. पहिल्यांदा मी हाताने ओढायला गेलो आणि कंबरेत अशी चमक आली की मित्राने पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं.

तीनदा उचलली, तिसऱ्यांदा मांड्या थरथरायला लागल्या. उतारावर पडली आणि चाकं वरच्या बाजूला असली तर अशी उचलता येत नाही, आधी आडवीच गार्डवर गोल फिरवून चाकं खालच्या बाजूला आणायची. तेही एकदा करून बघितलं, मातीत गार्डने नांगरल्यासारखी रेघ उमटली.

पडझड: ०, मुद्दाम पाडलेली धरत नाही.

९ सप्टेंबर

आजही इंजिन बंद. स्टँड वर करून गाडी नुसती हातात धरून उभी ठेवायची आणि तिच्याभोवती चालत फिरायचं, हँडलपासून मागच्या रॅकपर्यंत, मग पलीकडून परत, एक हात कायम गाडीवर. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण यातून एक कळलं, गाडी सरळ उभी असते तेव्हा वजन जवळजवळ नसतंच, दोन बोटांनी तोलता येते. वजन येतं ते ती कलली की, आणि जितकी कलेल तितकं झपाट्याने वाढत जातं. म्हणजे मी आत्तापर्यंत २२६ किलोला घाबरत होतो ते चूक होतं, घाबरायचं तर पहिल्या पाच-दहा अंशांना.

उजवीकडे फिरताना एकदा पलीकडे गेली. मी तिला वाचवायच्या ऐवजी सोडली, मित्र म्हणाला बरोबर केलंस, पाय खाली घातला असतास तर घरी वेगळ्या गाडीतून गेला असतास.

पडझड: १. एकूण २.

१४ सप्टेंबर

आज फक्त पाना-पेचकस. हँडल थोडं पुढे फिरवलं, क्लच-ब्रेकच्या लेव्हर खाली केल्या, कारण उभं राहून चालवताना मनगट सरळ रेषेत यायला हवं, बसून चालवायच्या सेटिंगमध्ये उभं राहिलं की मनगट मोडल्यासारखं वर वळतं. फूटपेगवरचे (पाय ठेवायच्या दांड्यांवरचे) रबर काढून टाकले, खालचे दाते उघडे झाले. लेव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट एवढेच आवळले की हाताने हलणार नाही पण जोरात आपटलं तर फिरेल. फिरलेली लेव्हर परत जागेवर आणता येते, तुटलेली नाही. तरी एक जादा क्लच लेव्हर सीटखाली टाकून ठेवलीये.

टायर गेल्या महिन्यातच गोट्यांचे, म्हणजे मातीत पकड घ्यायला रबराचे मोठे ठोकळे असलेले, बसवलेत, पुढे २१ इंची, मागे १८. आत ट्यूब आहेत. हवेवर आमचा वाद झाला. डांबरावर मी पुढे ३३ आणि मागे ३६ ठेवतो, मित्र म्हणे २२ कर. शेवटी २५-२५ वर मांडवली झाली. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबीभर चिकटतो आणि दगडावरून उडायच्या ऐवजी दगड पोटात घेतो, हे खरं. पण जड गाडीत फार कमी केली आणि वेगात धारदार दगड आला तर रिम दबते किंवा ट्यूब रिम आणि दगडात चिमटून दोन भोकं पडतात. त्याच्या गाडीचं वजन माझ्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास, त्याला २२ परवडतं.

१५ सप्टेंबर

उभं राहून चालवणं.

उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडलं. मला ते कधी पटलंच नाही, माझं ७८ किलोचं शरीर सीटवरून उठून वर गेलं तर गुरुत्वमध्य खाली कसा जाईल? आज चालवताना कळलं की खाली जात नाहीच, गोष्ट वेगळी आहे. बसलेलो असताना मी आणि गाडी मिळून एक गाठोडं असतो, ती हलली की मी हलतो, मी हललो की ती आणखी हलते. उभा राहिलो की मधला सांधा मोकळा होतो, गाडी खाली डावी-उजवीकडे काय करायचं ते करते आणि मी वर जागच्या जागी, घोटे आणि गुडघे सस्पेन्शनसारखे चालतात. शिवाय एका पेगवर दाब दिला की गाडी त्या बाजूला कलते, हँडलला हातही लावावा लागत नाही.

पण हे कळणं वेगळं आणि हाताला पटणं वेगळं. अर्ध्या तासात दोन्ही मनगटांपासून कोपरापर्यंत दगड झाले, कारण मी हँडलला लोंबकळत होतो. मित्राने एक उपाय दिला, सरळ सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये जात असताना डाव्या हाताची बोटं मुठीवर नुसती ठेवायची, धरायची नाहीत. हे करायचं तर गुडघ्यांनी टाकीला हलकं धरावंच लागतं आणि कमरेतून थोडं पुढे वाकावं लागतं, नाहीतर रेस दिली की मागे फेकला जातो आणि मागे जाताना हात आणखी रेस देतो, आणि मग काय होतं ते वेगळं सांगायला नको. कोपर बाहेर, मान वर, नजर लांब. नजर मात्र सारखी पुढच्या चाकावर येते, चाक कुठे पळून जाणारे का, पण येते.

शेवटी झाडाखाली थांबायला गेलो, बसलो, डावा पाय टेकवला, पाय सुकलेल्या पानांवरून घसरला.

पडझड: १. एकूण ३.

२१ सप्टेंबर

हळू वळणं. दगड ठेवून आठचा आकडा, आधी मोठा, मग लहान.

हाफ क्लच आणि मागचा ब्रेक, सगळं यात आहे. रेस एका जागी थोडी वर धरून ठेवायची, ती कमी-जास्त करायची नाही, गाडीचा वेग क्लचने ठरवायचा आणि मागचा ब्रेक हलका ओढत ठेवायचा म्हणजे गाडी झटके देत नाही. मोठ्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाडीत) पहिल्या गिअरला नुसती रेस सोडली तरी इंजिन ब्रेकिंगने गाडी नाक खुपसते आणि त्याच क्षणी तोल जातो. वळताना गाडी आत कलवायची आणि आपण बाहेर, बाहेरच्या पेगवर वजन, छाती आणि हनुवटी वळणाच्या शेवटाकडे. डांबरावर जे शिकलो त्याच्या बरोबर उलट, तिथे अंग आत जातं.

एक तासानंतर क्लच करपल्याचा वास यायला लागला. थांबलो, गार होऊ दिली, पुन्हा.

चारदा पडलो आणि चारही वेळा डावीकडे नाही तर उजवीकडे, थोडक्यात कुठल्याही बाजूला. घरी येऊन लिहिताना लक्षात आलं की चारपैकी तीन वेळा एकच गोष्ट झालीये, हँडल वळलेलं असताना घाबरून पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं, वेग चालण्याइतका, आणि पुढचा ब्रेक, एवढ्या तिघांची गाठ पडली की गाडी जमिनीवर. यात नशीब वगैरे काही नाही, दर वेळी होतं.

पडझड: ४. एकूण ७.

२२ सप्टेंबर

कालचंच. आज पुढच्या ब्रेकवर बोटच ठेवलं नाही, चारही बोटं मुठीत. फरक लगेच. दोनदा पडलो त्यातलं एक पुन्हा पुढच्या ब्रेकने (बोट कधी गेलं देव जाणे) आणि एक पाय खड्ड्यात. अंग ठणकतंय. गुडघ्याचे गार्ड घातले नसते तर आज उजवा गुडघा गेला असता. बूट मात्र बदलायला हवेत, घोट्याला आधार नसलेले बूट घालून हे करणं म्हणजे मूर्खपणा, आणि तो मूर्खपणा मी तीन आठवडे करतोय.

पडझड: २. एकूण ९.

२९ सप्टेंबर

नवे बूट, नडगीपर्यंत कडक. गिअर कळतच नाही पायाला, लेव्हर थोडी वर घेतली.

ब्रेकिंग. मुरुमाच्या सरळ पट्ट्यावर ३० च्या स्पीडला येऊन एका खुणेवर ब्रेक, मग थांबेपर्यंत किती पावलं ते मोजायचं. मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंद केला (या गाडीत मागचा बंद होतो, पुढचा ऑफ-रोड सेटिंगवर जातो पण पूर्ण बंद होत नाही). नुसता मागचा ब्रेक पूर्ण दाबून चाक लॉक केलं तर २० पावलं. मागचा आणि पुढचा दोन बोटांनी हळूहळू वाढवत ११ पावलं. हा आकडा बघून मी चाट पडलो. गेला आठवडाभर पुढच्या ब्रेकला शत्रू मानत होतो आणि आता कळतंय की कच्च्यावरसुद्धा थांबवतो तो तोच, फक्त हँडल सरळ पाहिजे आणि दाबायचा आहे, हिसकायचा नाही.

सैल जमिनीवर एबीएस गाडी लांब नेतो असं म्हणतात त्याचं कारणही आज डोळ्यांनी दिसलं, लॉक झालेलं चाक समोर मातीचा छोटा बांध साठवतं आणि तो बांधच गाडी अडवतो, एबीएस चाक सारखं सोडत राहतो म्हणून तो बांध साठतच नाही. पुढचं चाक लॉक करायची हिंमत मात्र कुणी करू नये, म्हणून पुढचा एबीएस असलेला बरा.

मागचं चाक मुद्दाम घसरवणं शेवटी शेवटी आवडायला लागलं आणि आवडायला लागलं की जे होतं ते झालं, शेपूट जास्तच बाहेर गेली.

पडझड: १, ही पहिली चालत्या गाडीवरची. एकूण १०. बरगडीला मार.

५ ऑक्टोबर

बरगडी दुखतेय, खोकला आला की तारे दिसतात. सुट्टी. बसून या जड गाड्या मुळात का बनल्या ते वाचत बसलो. पहिली पॅरिस-डाकार, म्हणजे पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंतची रॅली शर्यत, २६ डिसेंबर १९७८ ला निघाली आणि ती जिंकली सिरिल नेव्हूने यामाहा एक्सटी ५०० वर, एक सिलिंडरची साधी गाडी. मग १९८० साली बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस आली, त्यातल्या जी चा जर्मन अर्थ कच्चा मुलूख आणि एस म्हणजे रस्ता, आणि पुढच्याच वर्षी युबेर ओरिओल तिच्यावर डाकार जिंकला. होंडाची एनएक्सआर ७५० तर १९८६ ते १९८९ सलग चार वर्षं जिंकली, त्या यशातून १९८८ मध्ये पहिली आफ्रिका ट्विन आली, ती ६५० सीसी होती. गंमत म्हणजे २०११ पासून डाकारमध्ये ४५० सीसीच्या वर बाईकच चालत नाही. म्हणजे जगातले सगळ्यात भारी रायडर ४५० वर आणि मी ११०० घेऊन झाडाखाली पडतोय.

१२ ऑक्टोबर

चढ. साधारण ६० मीटर लांब, खाली मुरूम, मध्ये सुटे दगडगोटे, वर एक पायरीसारखा खडक. मित्र त्याची गाडी घेऊन गप्पा मारत मारत वर गेला.

चढाला नियम सोपा आहे, खालीच वेग घ्यायचा, दुसरा गिअर, अंग पुढे, नजर माथ्यावर, आणि मध्ये काहीही बदलायचं नाही. मी मध्ये बदललं. दगड आले, रेस सोडली, गाडी मेली, आणि मग माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट तीन सेकंद. डोक्याने सांगितलं क्लच दाब, दाबला, गाडी मागे सुटली, पुढचा ब्रेक दाबला, पुढचं चाक लॉक होऊनही घसरत मागे, कारण चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं, पुढच्याला पकडच नसते. मागचा ब्रेक दाबायचा तर उजवा पाय पेगवर हवा, तो मी घाबरून जमिनीवर टेकवलेला. गाडी उताराच्या बाजूला पडली, मी तिच्या वरच्या बाजूला उडी मारली हे नशीब.

पुन्हा दोनदा केलं, दोन्ही वेळा त्याच गोट्यांमध्ये, तसंच. तिसऱ्यांदा उचलताना मला मित्राचा राग आला, तो काहीच बोलत नव्हता म्हणून.

पडझड: ३. एकूण १३.

१३ ऑक्टोबर

आज चढायचं नाही, चढावर बंद पडायचं. मुद्दाम. छोट्या चढावर अर्ध्यात जाऊन क्लच न दाबता गाडी मरू द्यायची. गिअरमध्ये मेलेलं इंजिन मागचं चाक धरून ठेवतं, गाडी जागेवर उभी. क्लच हाच हँडब्रेक. हात सोडून बसता येतं, बसलोही, श्वास घेतला.

मग उतरायचं कसं. हँडल पूर्ण डावीकडे वळवायचं, पुढचा ब्रेक धरून क्लच किंचित दाबायचा, गाडी वीतभर मागे सरकते, क्लच सोडायचा, थांबते. परत वीतभर. हँडल डावीकडे असलं की मागे जाताना शेपूट डावीकडे जाते आणि तोंड उजवीकडे फिरतं, असं करत करत गाडी चढाला आडवी होते आणि डावी बाजू, म्हणजे स्टँडची बाजू, वरच्या अंगाला येते. आता कललीच तर वरच्या बाजूला कलेल, जिथे जमीन जवळ आहे. तिथून तोंड खाली करून पहिल्या गिअरमध्ये उतरायचं.

हे वाचायला जितकं सोपं वाटतंय तितकं सोपं नाही पण कठीणही नाही, कठीण एकच गोष्ट आहे, क्लच न दाबणं. वीस वर्षं हात शिकलाय की गाडी मरायला लागली की क्लच दाब. आठवेळा केलं, सात वेळा नीट.

पडझड: १. एकूण १४.

१९ ऑक्टोबर

उतार. पहिला गिअर, क्लचला हात नाही, अंग मागे, मागचा ब्रेक आणि पुढचा अगदी हलका. भीती होती तितकं काही नाही निघालं. स्पोक ठोकून बघितले, मागचे दोन सैल वाजत होते, बाकीचे टणटणीत. आवळले.

पडझड: ०.

२६ ऑक्टोबर

वाळू. याबद्दल काय लिहू.

नदीच्या कोरड्या पात्रात गेलो, हवा पुढे १८ मागे २० केली, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, कारण वाळूत चाक फिरायलाच हवं आणि कंट्रोल नेमका तेव्हाच इंजिनचा गळा धरतो. मित्राने सांगितलं, उभा रहा, वजन मागे, रेस दे आणि काहीही झालं तरी ती सोडू नको, पुढचं चाक डावं-उजवं नाचेल, नाचू दे. ते नाचायला लागल्यावर मी काय केलं? हँडल आवळलं आणि रेस सोडली. रेस सोडली की वजन पुढे येतं, पुढचं चाक वाळूत नांगरासारखं घुसतं, मग वळतं, मग तुम्ही हवेत.

तीनदा असा गेलो. तिसऱ्या वेळी हेल्मेटमध्ये वाळू, दातात वाळू. मित्र जवळ येऊन म्हणाला, "अरे तिला हलू दे ना, तू कशाला हलतोयस?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्यांदा गेलो तेव्हा रेस सोडली नाही. सोडली नाही म्हणजे हिंमत होती असं नाही, हात इतके थकले होते की आवळायची ताकदच उरली नव्हती. साधारण ३५-४० च्या पुढे गेल्यावर काहीतरी बदललं, गाडी वाळूत खोल जायच्या ऐवजी वर आली, होडी पाण्यावर येते तशी, नाच चालूच होता पण तो आता तिचा तिचा होता. दीडशे मीटर असा गेलो. मग शेवटी थांबलो आणि थांबताना पडलो.

कारण वाळूत थांबणं हे वेगळंच शास्त्र आहे. ब्रेक लावायचा नाही, रेस हळूहळू कमी करत वाळूलाच थांबवू द्यायचं, हँडल सरळ. निघताना तर आणखी वाईट, जास्त रेस दिली की मागचं चाक स्वतःची कबर खणतं. एकदा अ‍ॅक्सलपर्यंत गेलं. तेव्हा मित्राने दाखवलं ते मात्र सुंदर होतं, गाडी खड्ड्यातच आडवी पाडायची, खड्डा हाताने-पायाने बुजवायचा, गाडी उचलायची, चाक आता वर. मग बसायचं नाही, बाजूने चालत पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडीला तिच्या तिच्या ताकदीने बाहेर येऊ द्यायचं.

सात वेळा पडलो, तीन चालताना, चार थांबताना किंवा निघताना. परत डांबरावर यायच्या आधी पंपाने हवा भरली, त्याला अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात कुणीच काही बोललं नाही.

पडझड: ७. एकूण २१.

२ नोव्हेंबर

आज बाहेर नाही गेलो, वही घेऊन बसलो आणि मोजलं.

एकूण २१. त्यातले चालत्या गाडीवरचे फक्त ४, एक ब्रेकिंगचा आणि तीन वाळूतले. उरलेले १७ हे उभ्या गाडीवर, थांबताना, निघताना किंवा चालण्याच्या वेगाने वळताना. त्यातही ५ वेळा वळलेलं हँडल आणि पुढचा ब्रेक, ६ वेळा पाय जिथे टेकवला तिथे जमीनच नाही किंवा घसरडी, बाकी संमिश्र.

म्हणजे दोन महिने मी वेगाला, दगडांना, चढांना घाबरतोय आणि पडतोय थांबताना. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली मग थांबू नकोस. तिच्यात आणि मित्रात हल्ली मला फरक दिसत नाही.

तरी यातून एक काम निघालं. थांबायचं कुठे हे थांबायच्या आधी ठरवायचं. वीस मीटर अलीकडून जागा बघायची, डावीकडे जमीन थोडी उंच असेल अशी, दगड नाही, पानं नाहीत. मग ढुंगण सीटवर डावीकडे सरकवून एकच पाय, पण पूर्ण तळवा टेकवायचा, दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभं राहायचं नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर. आणि हँडल सरळ झाल्याशिवाय पुढचा ब्रेक नाही. घराच्या बाहेर रिकाम्या जागेत नुसतं थांबायचा सराव केला, चाळीस वेळा. बघणाऱ्यांना वाटलं असेल गाडीत बिघाड आहे.

९ नोव्हेंबर

ओढा. आधी बूट घालून चालत गेलो, तळ शेवाळलेला, मध्ये पाणी गुडघ्याच्या वर, आणि ओढ जाणवत होती. नाही घातली. मित्र म्हणाला त्यानेही नसती घातली. इंजिनने हवेसोबत पाणी ओढलं तर पाणी दबत नाही, पिस्टन जागेवर अडकतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि अशा वेळी सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून स्टार्टर दाबत राहणं. प्लग काढून पाणी बाहेर फेकल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही.

दुसरीकडे घोट्याएवढ्या पाण्यात चारदा ये-जा केली, पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. काही झालं नाही.

पडझड: ०.

१६ नोव्हेंबर

पहिला पूर्ण दिवस, ५५ किलोमीटर कच्चं. चाकोऱ्या, फुफाटा, दगड, एक छोटी वाळू. चाकोरीत एकच करायचं, शिरलो की तिच्यातच राहायचं, बाहेर यायच्या नादात पुढचं चाक कडेला घासलं की संपलं, आणि नजर चाकोरीच्या तळाशी नाही तर पुढे ती जिथे संपते तिथे. दुपारपर्यंत इतकं छान चाललं की मित्राला मागे टाकलं (तो फोनवर बोलत थांबला होता, पण टाकलं).

चार वाजता दमलो होतो, पाणी संपलं होतं, नजर परत पुढच्या चाकावर यायला लागली होती, हे कळत होतं तरी थांबलो नाही. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये चाकोरीत गेलो आणि २५ ला पडलो. क्लच लेव्हर फिरली, तुटली नाही. १४ सप्टेंबरचा अर्धा तास वसूल.

पडझड: १. एकूण २२.

२३ नोव्हेंबर

तोच चढ. ६० मीटर, गोटे, वरची पायरी.

खाली उभं राहून पाच मिनिटं नुसता बघितला. कुठून जायचं ते ठरवलं, डाव्या कडेने, गोटे तिथे कमी आहेत. आणि बंद पडली तर कुठे पडेल तेही ठरवलं. निघालो, दुसरा गिअर, उभा, नजर माथ्यावर. गोट्यांमधून गेलो, मागचं चाक नाचलं, रेस सोडली नाही. पायरीपर्यंत पोचलो, पायरीला पुढचं चाक चढलं, मागचं आपटलं आणि फिरत राहिलं, वेग संपला.

गाडी मरायला लागली आणि डाव्या हाताची बोटं क्लचकडे गेली, आणि थांबली. इंजिन मेलं. गाडी उभी. मी उभा. खाली मित्र ओरडला नाही, काही नाही. डावा पाय टेकवला, पूर्ण तळवा. चावी बंद केली, दहापर्यंत मोजलं. मग हँडल डावीकडे, वीतभर मागे, थांब, वीतभर मागे, थांब. साधारण नऊ-दहा वेळा. आडवी झाली, तोंड फिरवलं, चालू केली, पहिल्या गिअरमध्ये खाली आलो.

मित्राने विचारलं परत जातोस का. हात थरथरत होते, म्हटलं नाही.

पडझड: ०. एकूण २२. पायरी बाकी.

घरी येऊन एअर फिल्टर काढला, फुफाट्याने पार बरबटलाय, नवा लागेल. चेन साफ करून सैलपणा बघायचाय. डाव्या फूटपेगची स्प्रिंग ढिली वाटतेय, पेग खाली पडला की वर यायला वेळ घेतो. क्लच केबलच्या टोकाशी एक तार सुटलेली दिसली, पुढच्या शनिवारच्या आधी बदलायची.